बाळंतिणीकडे आज तेलाची बाटली उघडलीच नाही

मार्गशीर्षातला गुरुवार, नाशिक

गंगापूर रोडच्या बाळंतिणीकडून आज मालिश न करताच निघाले. सीझर होऊन तिला दोन आठवडे झालेत. पाठीला आणि हातापायांना तेल लावायला डॉक्टरांची परवानगी आहे, टाक्यांच्या आसपास मी जात नाही. नेहमीप्रमाणे आधी पाय बघितले. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच जाड, कातडी ताणलेली, लालसर. हात पालथा करून नुसता टेकवला तर गरम लागली. ती म्हणाली, "ताई, कालपासून इथेच गोळा आल्यासारखं दुखतंय. जरा जोर लावून चोळा ना."

सासूबाईंनी तेल कोमट करून ठेवलेलं. घरात महालक्ष्मीचा घट मांडायची गडबड. "अहो, वातच असणार तो. थंडी काय कमी आहे का? दोन हात फिरवलेत की मोकळा होईल." मी म्हटलं, "काकू, या पायाला मी हात लावणार नाही. हिला आत्ताच दवाखान्यात न्या." त्यांना राग आला. सणावाराला घरात दवाखान्याचं नाव काढलं की कुणालाही येईल. पण मी बाळंतिणीच्या नवऱ्याला फोन लावायला लावला आणि तो येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. डॉपलर सोनोग्राफीत शिरेत गुठळी दिसली, ॲडमिट केलंय, रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झालीत. आता जीव भांड्यात पडला.

बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, सीझर झालेलीला आणखी. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं दिसलं तर चोळायचं नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पंचकर्म केंद्रात काम करायचे तेव्हा तिथल्या वैद्यबाईंनी हे मला घोकून घ्यायला लावलं होतं. ताप असेल तर तेल नाही, अजीर्ण असेल तर अभ्यंग नाही, हेही त्यांचंच. हात कुठे लावायचा नाही हे कळल्याशिवाय या कामात पडू नये असं मला ठामपणे वाटतं.

मधे काही काळ एका स्पामध्ये होते. एकीचा तास संपायच्या आत दुसरी दारात, विचारपूस करायला सवडच नसे. नको म्हणायची तर सोयच नव्हती. म्हणून स्वतंत्र झाले. आजच्यासारखी एखादी फेरी कोरडी जाते, आजारी पडले तर खाडा माझाच. पण कुणाला नाही म्हणायचं ते मी ठरवते. 'फक्त महिला व बाळांसाठी' असं कार्डावर स्पष्ट छापूनही रात्री-अपरात्री पुरुषांचे नको ते फोन येतात, त्याचा मात्र फार संताप होतो. हे माझं शिकून केलेलं काम आहे.

दुपारी पंचवटीतल्या आजींकडे गेले होते. जुना मधुमेह, तळपायांना संवेदना जवळपास नाही. थंडीने खोबरेल गोठतं, म्हणून या दिवसांत घाण्याचं तिळाचं तेल वापरते. गरम केलेलं तेल त्यांच्या पायाला कधीच आधी लावत नाही, आधी माझ्या मनगटावर थेंब टाकते. भाजलं तरी त्यांना कळणार नाही. मग बोटांच्या बेचक्या एकेक करून उजेडात बघायच्या. आज करंगळीपाशी चपलेच्या पट्ट्याने सालटं निघालेलं, आजींना पत्ताच नाही. तिथे तेल लावलं नाही. सुनेला बोलावून दाखवलं, तिने लगेच डॉक्टरांची वेळ घेतली.

मग पाठ चोळायला घेतली. पाठीला हात लागला की आजी बोलायला लागतात: गोदेचा पूर, नवऱ्याचं भांड्यांचं दुकान, माहेरची द्राक्षबाग. मी मधे काही विचारत नाही. या वयात कुणी मायेने अंगावरून हात फिरवावा असं फारसं घडतच नाही. घरचे चांगले आहेत, पण कामाच्या धबडग्यात ते राहूनच जातं. आजींच्या मालिशीला वेळ जास्त लागतो, त्याचे पैसे मी वाढवून लावत नाही.

शेजारची मुलगी काम शिकायचं म्हणतेय. तिला सांगितलंय, पहिला महिना माझ्याबरोबर यायचं, तेलाला हात लावायचा नाही. प्रत्येकीचे दोन्ही पाय शेजारी ठेवून बघायचे आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं. सोमवारपासून येते म्हणाली.