जुन्या कोर्टाच्या दरजा सिमेंटने भरू नका

जुनं कोर्ट किंवा मामलेदार कचेरी दुरुस्तीला निघाली की पहिल्याच आठवड्यात दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या जातात. भिंत बाहेरून नवी दिसते आणि आतून सुटायला लागते. सोलापूर भागातल्या जुन्या सरकारी इमारतींचं सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं.

आपला दगड काळा बेसाल्ट, पाणी जवळपास पीतच नाही. भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायची वाट एकच, दरजेतला चुना. भिंतही सहसा दोन तोंडांची असते: बाहेर घडीव दगड, आत दुसरा थर आणि मध्ये दगडगोटे, चुना, मातीची भर. दरजा बुजली की ओल त्या भरीत कोंडते, भर खाली बसते आणि भिंत पोट काढते. ओळंबा सोडला की ते लगेच कळतं. आतून बघायचं तर ऑइलपेंटच्या पट्ट्याकडे बघा. खालच्या तीन-चार फुटांना ऑइलपेंट मारलेला असतो, त्यामुळे ओल वर सरकते आणि पट्ट्याच्या बरोबर वरच्या कडेला लोणा फुटतो. बोट फिरवलं की पांढरा खार हाताला लागतो, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. तिथे पुन्हा पुट्टी लावणं म्हणजे पैसा वाया. ऑइलपेंट खरवडा आणि चुन्याचाच हात द्या.

सिमेंट काढताना ग्राइंडर नको, दगडाच्या कडा उडतात. बारीक छिन्नी आणि हलका हातोडा घ्या. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 20 ते 25 मिलिमीटर खोल जा, धूळ झाडा, पाणी मारा, मग भरा. मिश्रण एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग चाळलेली वाळू. सुरखी नीट भाजलेल्या विटेचीच हवी. कच्च्या विटेचा चुरा म्हणजे नुसती माती. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतला न विरलेला चुना, विरवताना आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उकळता चुना डोळ्यांत उडतो. गाळून निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू द्या. घाई केली तर न विरलेले खडे भिंतीत गेल्यावर फुगतात आणि दरज फोडून बाहेर येतात.

दुसरा शत्रू आपलं ऊन. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओलसर राहावं लागतं. एप्रिल-मेमध्ये भरलेली दरज संध्याकाळपर्यंत तडकते. हे काम दिवाळीनंतर काढा, आणि ओली गोणपाटं दहा-बारा दिवस टांगून ठेवा.

छपराचं थोडक्यात. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात. एक फुटलं तरी पाणी थेट सागवानी कैचीच्या (छप्पर पेलणाऱ्या लाकडी तिकोनी सांगाड्याच्या) भिंतीत रुतलेल्या टोकावर जातं आणि ते टोक सगळ्यात आधी कुजतं. पावसाआधी पन्हळ साफ करा आणि ती टोकं टोच्याने टोचून बघा.

या इमारतींना भोवती व्हरांडा आणि उंच झरोके असतात ते हवेसाठी. व्हरांडा भिंतीवर ऊन पडू देत नाही, तापलेली हवा झरोक्यातून निघून जाते. दप्तरखान्यासाठी व्हरांडा प्लायवूडने बंद केला आणि झरोके बुजवले, की ओल साठते आणि वाळवी कागदांपर्यंत पोचते. आगीचा धोका तर फार मोठा. गांधीजींच्या अटकेनंतर 8 मे 1930 ला उसळलेल्या उद्रेकात सोलापूरचं कोर्ट जाळलं गेलं. लाकडी छप्पर आणि खाली कागदांचे गठ्ठे यांना पेटायला वेळ लागत नाही. म्हणून जुनी उघडी वायरिंग आधी बदला, रंगरंगोटी मागाहून.

भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळाबरोबर भर निघून येते. खोड कापा, मुळाच्या वाटेवरच्या दगडांना खडूने नंबर टाकून उतरवा, मूळ शेवटपर्यंत काढा आणि त्याच नंबरांनी दगड चुन्यात परत बसवा.