आमची वाटचाल : समिटची (शिखरमाथ्याची) गॅरंटी देत नाही

सुरुवातीला आम्ही पण बाकीच्या ट्रेक नेणाऱ्या ग्रुपसारखेच, पावसाळ्यात राजमाची, हरिश्चंद्रगड, हिवाळ्यात कळसूबाई, मिनीबस भाड्याने घ्यायची, चहा-नाष्टा-जेवण धरून माणशी रेट लावायचा आणि उरेल ते आपलं. खरं सांगायचं तर उरायचं काहीच नाही. पण माणसं जोडली गेली आणि त्यातलेच काहीजण मागे लागले की दादा, हिमालयात एखादं शिखर करू ना, नुसता ट्रेक नको. मी तोवर उत्तरकाशीच्या निममधून (नेहरू गिर्यारोहण संस्था) कोर्स करून आलो होतो, मग लडाखचं स्टोक कांगरी शिखर घेतलं, 6153 मीटर. तेव्हा बऱ्याच जणांचं पहिलं सहा हजारी तेच असायचं.

2020 पासून स्टोकच्या गावकऱ्यांनी ते शिखर बंद केलं. गर्दी, कचरा, आणि ज्या बर्फाचं पाणी गावाला लागतं त्याचीच वाट लागत होती, त्यामुळे बरोबरच केलं त्यांनी. पण आमचा निम्मा धंदा त्यावर, आणि वरून मार्चमध्ये लॉकडाऊन! ऑफिस सोडलं, टेंट, रोप, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे काटे) सगळं घरच्या माळ्यावर, बायको म्हणे दिवाळीची भांडी आता कुठे ठेवू.

नंतर लडाखच्याच कांग यात्से-2 शिखरावर आलो, साधारण 6250 मीटर. मार्खा व्हॅलीतून जायचं, मार्खा, हांकर, थाचुंगत्से, निमालिंग असे मुक्काम, त्यामुळे उंची हळूहळू चढते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपली सह्याद्रीतली पोरं दमाची असतात, सिंहगड पळत चढतात आणि तिथेही तेच करायला जातात. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब इथल्या निम्माच असतो, तिथे फिटनेसचा माज चालत नाही. आमचा लडाखी कुक तर पैजेवर सांगतो, पहिल्या दिवशी जो सगळ्यात पुढे तोच रात्री डोकं धरून बसणार. विमानाने थेट लेहला, म्हणजे 3500 मीटरवर उतरलं की सुरुवातीचे दोन दिवस फक्त आराम, पँगाँग तलाव बघायला जाणं वगैरे नाही म्हणजे नाही. पुढे मुक्काम रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही आणि एक दिवस राखीव ठेवायचाच.

यामुळे आमचा रेट जास्त पडतो आणि बुकिंग जातात. जाऊदेत. एकाला वरून परत फिरवलं होतं, उंचीमुळे पाऊल सरळ पडत नव्हतं त्याचं, खाली आल्यावर बरा झाला आणि पैसे परत मागितले, दिले नाहीत तर एक स्टार देऊन मोकळा. तो रिव्ह्यू अजून आहे, आणि गंमत म्हणजे नवीन लोक तो वाचूनच फोन करतात.

तयारी इथेच सुरू होते. गच्चीवर गोणपाट टाकून, लाइट बंद करून, जाड हातमोजे घालून प्रत्येकाने क्रॅम्पॉन बांधायचे, बकल बाहेरच्या बाजूला, नाहीतर दुसऱ्या पायात अडकून माणूस उताणा. हसतात सगळे, पण समिटच्या रात्री थंडीत बोटं बधीर झालेली असताना हेच कामाला येतं. आणि ठरलेल्या वेळेला वळायचं, शिखर समोर दिसत असलं तरी, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो.

आता लोक म्हणतात यूनम शिखर पण सुरू करा, मनाली-लेह रोडला लागूनच आहे. पण तिथे गाडीने एकदम साडेचार हजारांच्या वर नेऊन झोपवायचं म्हणजे सगळे आजारी. घ्यायचंच तर वाटेतल्या जिस्पापासून वर टप्प्याटप्प्याने जास्त रात्री ठेवाव्या लागतील, म्हणजे रेट परत वाढणार. हिशोब मांडतोय, जमलं तर पुढच्या सीझनला.