लहऱ्या, नोंद 6: वर राजा, खाली पतंग

लहऱ्या म्हणजे मी रचलेल्या काल्पनिक ग्रहावरचा, खूप उंच विरळ हवेत तरंगणारा जीव. आधी एक कबुली. ग्रहाचं गुरुत्व पृथ्वीच्या 0.6 केलं तेव्हा वाटलं, सुटलो! पण गुरुत्व कमी म्हटल्यावर हवाही उंचीबरोबर सावकाश विरळ होते. आपल्याकडे 20 किमीवर हवेची घनता जमिनीवरच्या साधारण चौदावा हिस्सा उरते. माझ्या ग्रहावर तेवढ्यासाठी 33 किमीच्या आसपास जावं लागतं. म्हणून किलोमीटर मोजणं बंद. लक्ष्य घनतेचं, चौदावा हिस्सा.

पंख मारत तिथं पोचणं विसरा. 1973 मध्ये आयव्हरी कोस्टवर रुपेल गिधाड 11 किमीच्या वर विमानाला धडकलं, पक्ष्यांची मजल तिथवर. पर्लान 2 हे ग्लायडर मात्र 2018 मध्ये अँडीजपाशी उठणाऱ्या हवेच्या लाटांवर 23 किमीच्या आसपास गेलं, तेही इंजिनाशिवाय. लहऱ्याचं नाव तिथूनच आलं.

पुढचा अडसर ओलाव्याचा. पृथ्वीवर 19 किमीच्या सुमारास 37 अंशांचं पाणी उकळतं, म्हणजे जिभेवरची लाळसुद्धा. मग लहऱ्याला वर गेल्यावर गारच पडू दिलं. अंग 10 अंशांवर आणलं की पाणी उकळायला दाब त्या 19 किमीवरच्या दाबाच्या पाचव्या हिश्शावर यावा लागतो. स्नायू मंदावतात, पण नुसतं पंख पसरून पडायचंय, तेवढं चालतं. ही युक्ती मला फार आवडलीय.

आता रडगाणं. पंखांचा विस्तार 12 मीटर, क्षेत्रफळ 9 चौरस मीटर, वजन आपल्या काट्यावर भरेल 18 किलो. लिफ्टचा, म्हणजे पंखाला वर उचलणाऱ्या बलाचा, गुणांक 1 धरला तर वर तरंगायला ताशी 60 किमी वेग लागतो, जमिनीलगत फक्त 16. म्हणजे खाली जरा वारा सुटला की गडी मागे!

उत्तरायणातल्या फाटक्या पतंगांच्या कमानी काढून सव्वा मीटरचं मॉडेल केलं, पतंगाचाच कागद, घरची खळ. दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरून सोडलं. पंखाची पुढची कड पिळली आणि ते शेजारच्या डिश अँटेनावर जाऊन बसलं. आत्या म्हणाली, "अरे, कण्णी बांधायची राहिली!"

खाली वेग वाढावा म्हणून बाहेरचा पंख मनगटातून दुमडायचा म्हटलं, तर अर्धं क्षेत्रफळ घालवूनही 16 चे जेमतेम 23 होतात. वर्गमूळ आड येतं: क्षेत्रफळ निम्मं केलं तरी वेग दोनच्या वर्गमुळाइतकाच वाढतो. तूर्त तो पहाटे, वारा पडल्यावरच उतरतो असं लिहून ठेवलंय. आत्याचा दुसरा प्रश्न तसाच आहे: एवढ्या वर जाऊन तो खातो काय?