तुम्ही विचारलंत म्हणून: गाण्याच्या वर्गात बेटीबाई कशाला?

दर जूनमध्ये वर्गाला नवी मुलं येतात आणि दिवाळीच्या आत कुणाची तरी आई दारात थांबून विचारतेच, "ताई, रागावणार नसाल तर एक विचारू? आमची मुलगी घरी त्या अमेरिकन बाईला ऐकत बसते. ख्याल शिकायला पाठवलंय तिला, मग हे जॅझ कशाला?" यंदा दोन आयांनी विचारलं आणि एका वडिलांनी फोन केला. दारात उभ्याने हे सांगून होत नाही. पुढची तुकडी जिन्यात आलेली असते, तंबोरा लावायचा असतो. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

ती बाई म्हणजे बेटी कार्टर. जॅझ गायिका, स्वतः गाणी लिहून त्यांना चाली लावणाऱ्या. जन्म मिशिगनमधला, वाढल्या डेट्रॉइटमध्ये, पुढे ब्रुकलिनला राहिल्या आणि १९९८ साली तिथेच गेल्या. आमच्या वर्गात त्यांना बेटीबाई म्हणतात. केसरबाई, मोगूबाई, हिराबाई, गंगूबाई या ख्यालगायिकांच्या नावांच्या रांगेत मुलांनीच त्यांना नेऊन बसवलं, आणि मला ते ऐकून फार बरं वाटलं.

माझ्यापर्यंत त्या १९९९ मध्ये आल्या. पुण्यात एरंडवण्याला माझ्या गुरूंकडे एक अमेरिकन मुलगी काही महिने शिकायला होती. जाताना तिने दोन सीडींचा एक संच माझ्या हातात ठेवला, 'द ऑडियन्स विथ बेटी कार्टर'. डिसेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेट अमेरिकन म्युझिक हॉलमध्ये झालेल्या मैफिलींचं हे ध्वनिमुद्रण. पियानोवर जॉन हिक्स, बास या खर्जाच्या तंतुवाद्यावर कर्टिस लंडी आणि ड्रमवर केनी वॉशिंग्टन, तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा.

पहिल्या दिवशी त्या मला बेताल वाटल्या. शब्द जिथे यायला हवा तिथे येतच नव्हता. मी सीडी बंद करून टाकली. दुसऱ्या दिवशी रियाज झाल्यावर मांडीवर बोटांनी मात्रा मोजत पुन्हा ऐकायला बसले. बास आणि ड्रम आपली लय धरून सरळ चालले होते आणि बाई ओळ उचलायलाच तयार नव्हत्या. एक मात्रा गेली, दोन गेल्या, मला वाटलं, झालं, आता राहिलं. मग उरलेल्या एवढ्याशा जागेत त्यांनी अख्खी ओळ मोकळेपणाने, अजिबात घाई न करता बसवली आणि जिथे उतरायचं तिथेच उतरल्या. माझं बोट आणि त्यांचा शब्द एकाच क्षणी टेकले. विलंबित एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या संथ तालात, मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) उशिरा उचलून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अलगद येण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं घासतो. तीच गोष्ट, तबला नाही, तंबोरा नाही, भाषा आपली नाही, आणि तरी तीच. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. त्या रात्री जेवण साडेअकराला झालं.

आता हे ऐकून कुणी म्हणेल की जॅझ आणि ख्याल एकच. तसं नाही, आणि मी मुलांना तसं कधीच सांगत नाही. आपला षड्ज, म्हणजे सा, अचल, सगळा राग त्याच्या भोवती उभा राहतो. जॅझमध्ये पायाखालची जमीन हलत असते. पियानोवाला दर एक-दोन बारांनी (बार म्हणजे तिथला मात्रांचा छोटा गट) स्वरसंगती बदलतो आणि काल जो स्वर विसाव्याचा होता तोच आज टोचू लागतो. तिथलं नेहमीच्या घडणीचं गाणं बत्तीस बारांचं, दर बारात चार मात्रा, आणि ती चौकट आपल्या तालाच्या आवर्तनासारखी पुन्हा पुन्हा फिरते. फरक कान उघडे ठेवून समजून घ्यावा लागतो. पण लयीशी इतकं सलगीने वागणारी, तिला ताणणारी, थोपवणारी आणि तरी कधी न सोडणारी गायकी मला आपल्याकडच्या थोड्याच गळ्यांत भेटली आहे. म्हणून ऐकवते.

वर्गात मी आधी 'साउंड ऑफ म्युझिक' या इंग्रजी चित्रपटातलं आवडत्या गोष्टींचं गाणं लावते. ते बहुतेक मुलींनी शाळेच्या स्नेहसंमेलनात गायलेलं असतं. बेटीबाई ते इतक्या द्रुत लयीत घेतात की पहिल्यांदा मुली ओळखतच नाहीत. मग एकदम कुणीतरी ओरडतं, "ताई, हे तर ते!" त्यानंतर त्याच संचातलं वसंत ऋतूवरचं एक संथ गाणं. तिथे एकेक शब्द इतका सावकाश येतो की मुलींचा श्वास आपोआप खाली जातो. मी काहीच बोलत नाही. श्वास कुठे घेतला ते वहीत खुणा करून आणा, एवढंच सांगते. घरी तुमची मुलगी कानाला हेडफोन लावून पेन्सिल घेऊन बसलेली दिसते ना, ती हे करत असते.

त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही. कधी कधी त्या ओळ इतकी वाकवतात की शब्दांचा अर्थ निसटून जातो आणि नुसती करामत उरते. आणि ज्यांना अगदीच अनोळखी वाटतं त्यांना मी १९६१ ची, गायक-पियानोवादक रे चार्ल्स यांच्याबरोबरची ध्वनिमुद्रिका आधी ऐकायला सांगते. त्यात मागे तंतुवाद्यांचा ताफा आहे, समूहगान आहे, सगळं गोड आणि गुळगुळीत. त्या मुद्रिकेने बेटीबाईंचं नाव घरोघरी पोचवलं. तसंच आणखी गात राहिल्या असत्या तर पैसा पुष्कळ मिळाला असता.

इथून माझ्या उत्तराचा दुसरा भाग सुरू होतो, आणि मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

साठचं दशक संपेपर्यंत जॅझचे दिवस फिरले होते. रॉकचा जोर होता आणि कंपन्यांना बेटीबाईंकडून सोपं, खपाऊ काहीतरी हवं होतं. त्यांनी नाही म्हटलं आणि स्वतःची कंपनी काढली, 'बेट-कार'. स्वतःचं नाव, स्वतःचे पैसे. दोन मुलगे वाढवत, मैफिलीचे दौरे करत, तबकड्या काढून त्या विकणं हेही त्यांनी अंगावर घेतलं. पहिली तबकडी निघाली ती १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात केलेल्या मुद्रणाची. जवळजवळ अठरा-वीस वर्षं हेच चाललं. मी सांगितलेला 'ऑडियन्स' संचसुद्धा १९८० मध्ये त्यांनी स्वतःच काढलेला.

त्या संचातलं पहिलंच गाणं पंचवीस मिनिटांचं आहे. शब्द अगदी थोडे, बाकी सगळी निरर्थक अक्षरं, आपल्या ध्रुपदाच्या आलापातल्या नोमतोमसारखी. साथीदारांशी बोलणं चाललेलं, लय चढते, उतरते, पुन्हा चढते. श्रोत्यांचे आवाज, दाद, सगळं त्यात आहे. तबकडीची एक पूर्ण बाजू एका गाण्याला द्यायची, तेही जिथून संच सुरू होतो तिथेच, हे कुठल्या कंपनीच्या साहेबाने मान्य केलं असतं? आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं आज आपल्याला ऐकायला मिळतं ते तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांमधून. तीन मिनिटांत त्यांनी काय काय केलं ते अद्भुतच आहे, पण खाँसाहेब बैठकीत तास-दीड तास एक राग कसे मांडत असतील ते आपण कल्पनेनेच जाणायचं. बेटीबाईंचं तसं झालं नाही. त्या जशा गात होत्या तशाच आपल्या हाती आल्या, कारण किती वेळ गायचं हे त्यांनीच ठरवलं.

आणि मालकी त्यांचीच राहिल्यामुळे पुढे काय झालं पाहा. १९८८ च्या सुमारास 'व्हर्व्ह' या मोठ्या कंपनीने त्यांना बोलावलं तेव्हा त्यांच्या बेट-कारच्या जुन्या तबकड्याही तिने नव्याने बाजारात आणल्या. माझ्याकडची सीडी त्यातलीच. त्याच वर्षी आलेल्या 'लुक व्हॉट आय गॉट' या मुद्रिकेला ग्रॅमी मिळालं. त्यातलं त्या नावाचं गाणं त्यांनी स्वतःच लिहिलेलं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सरकारने कलेसाठीचं राष्ट्रीय पदक दिलं. पण त्यांनी खरा जीव लावला तो पोरांमध्ये. त्यांच्या साथीला कायम विशी-पंचविशीतली मुलं असायची, त्यांच्याकडे घासून तयार व्हायची आणि मोठी होऊन निघून जायची. मलग्रू मिलर, बेनी ग्रीन, सायरस चेस्टनट हे पियानोवादक त्यांतले. १९९३ मध्ये त्यांनी तरुण वादकांसाठी 'जॅझ अहेड' नावाचं शिबिरच सुरू केलं. मी शिकवणारी बाई आहे, मला हे वाचूनसुद्धा भरून येतं.

हा दुसरा भाग मला का टोचतो, तेही सांगते. १९९६ मध्ये माझी एक कॅसेट निघाली होती. आठ भावगीतं, चाली माझ्या, आवाज माझा. एका कंपनीने तीन हजार रुपये दिले, टाइप केलेला दोन पानी कागद समोर ठेवला आणि मी रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केली. कागद वाचला का? नाही वाचला. कॅसेट निघते आहे याचाच आनंद इतका होता. माझ्या आईने पेढे वाटले होते. पाच-सहा वर्षांत ती कंपनी बंद पडली. मूळ टेप कुठे गेली ते मी पुष्कळ शोधलं. लोक एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. आता ती गाणी इंटरनेटवर कुणा तिसऱ्याच लेबलखाली आहेत, कलाकार म्हणून नुसतं 'गायिका' असं लिहिलेलं. माझ्याकडे एकच कॅसेट उरली आहे आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात टेप चुरगळल्यामुळे आवाज बुडतो. तिथे तार षड्जावर जाणारी एक जागा होती. ती तशी मला पुन्हा लागली नाही.

म्हणून मी मुलींना गाण्याबरोबर हेही शिकवते. गाण्याचे शब्द आणि चाल ही एक मालमत्ता, आणि त्या गाण्याचं मुद्रण ही दुसरी. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून कवीला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा एका सहीने कंपनीला देऊन टाकता येत नाही. गायकांचा रॉयल्टीचा हक्कही मान्य झाला. २०१३ पासून गायकांची 'इसरा' (आताचं नाव 'इसामरा') ही संस्था त्यासाठी काम करते. पण मुद्रणाची मालकी अजूनही त्याची, ज्याने ते करवून घेतलं. आणि ती साठ वर्षं टिकते. एकवीस वर्षांच्या मुलीने सही केली तर ती ऐंशी ओलांडेपर्यंत. कागद पुढे आला की आधी मालक कोण ते वाचा, मानधनाचा आकडा नंतर. मोठ्याने वाचा, घरच्यांना ऐकू जाईल असं.

आपल्या पुण्याला हे परकं नाही. बाईने तिकीट लावून जाहीर मैफल करायची वाट हिराबाई बडोदेकरांनी घालून दिली. अलूरकरांच्या कॅसेटी आठवतात ना? मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे बघतही नव्हत्या अशांच्या खासगी बैठका त्यांनी रसिकांपर्यंत आणल्या, पूर्ण लांबीच्या. त्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. आणि रमणबागेतलं रात्र-रात्र चालणारा सवाई गंधर्व महोत्सव ज्यांनी ऐकला आहे, सतरंजीवर बसून पहाटेच्या ललत रागाची वाट पाहिली आहे, त्यांना पंचवीस मिनिटांचं गाणं लांब का वाटावं?

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. माझी एक विद्यार्थिनी स्वतः मराठीत गाणी लिहिते. चार गाणी तयार होती. एका कंपनीने स्टुडिओचा खर्च करायची तयारी दाखवली, व्हिडिओसुद्धा करून देणार होते, मुद्रण मात्र कायमचं त्यांचं. शिवाय दुसरं गाणं अकरा मिनिटांचं आहे, ते साडेतीनवर आणायचं. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी तिला काय कर ते सांगितलं नाही. तो कागद आम्ही दोघींनी मोठ्याने वाचला आणि मग मी बेटीबाईंचं ते पंचवीस मिनिटांचं गाणं लावलं. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. जाताना म्हणाली, "ताई, शिकवण्यांचे थोडे साठलेत माझ्याकडे."

कोथरूडमधल्या एका लहानशा स्टुडिओत तिने दोन दिवसांत चारही गाणी केली. तबला, हार्मोनियम, आणि एका गाण्याला तिच्या कॉलेजातल्या मित्राचा बास. अकरा मिनिटांचं गाणं अकरा मिनिटांचंच राहिलं. शेवटच्या कडव्याआधी ती एक अख्खं आवर्तन थांबली आहे. तबला एकटाच चालतो, आणि मग ओळ येते. मुद्रणाच्या काचेपलीकडे बसून मी मांडीवर मात्रा मोजत होते.

दारात थांबून मला पहिल्यांदा 'जॅझ कशाला' विचारलं होतं ते तिच्याच आईने, सात वर्षांपूर्वी. त्या दिवशी त्या स्टुडिओत डबा घेऊन आल्या होत्या. काम संपल्यावर ध्वनिमुद्रकाने सगळ्या मूळ फाइली दोन पेनड्राइव्हवर घालून दिल्या. एक मुलीने पर्समध्ये टाकला. दुसरा आईने मागून घेतला आणि रुमालात गुंडाळत मला म्हणाल्या, "हा घराच्या कागदांच्या फाइलीत ठेवते."