मर्फी फ्रेम, अपडेट ७: शाई काही वाळेना

नव्याने येणाऱ्यांसाठी: मर्फी फ्रेम म्हणजे मर्फी या आडनावावरचं माझं सोळा पानांचं तिकीट-प्रदर्शन. मर्फीच्या नावाच्या गावांच्या पोस्टात कव्हरं (तिकीट लावलेली पाकिटं) पाठवून तिथला शिक्का मारून मागवते. नियम एकच: नाव मर्फी आडनावावरून आलेलं हवं.

मंडळी, अमेरिकेतल्या आयडाहोचं पाकीट आलं. तीन महिने वाट पाहिली त्याची. बाहेरचं पिवळं पाकीट कात्रीने कापलं, आतली तीन कव्हरं टेबलावर काढली आणि पाच मिनिटं नुसती बघत बसले. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय गं, एवढी गप्प का? कोणी गेलं का?"

शिक्का मारणाऱ्याने अगदी जीव ओतून मारला होता. फोर-बार (गोलाशेजारी चार पट्ट्यांचा हातशिक्का), सरळ, तिकिटाला जेमतेम शिवणारा, चारही पट्ट्या टोकापर्यंत उमटलेल्या. आणि त्या सगळ्यावरून कोणीतरी अंगठा फिरवावा तशी शाई फासलेली. 'मर्फ'पर्यंत वाचता येतं, पुढचं अक्षर आणि ८३६५० हा पिनकोड दोन्ही धुक्यात. दुसऱ्या कव्हरच्या पाठीवर पहिल्याचा शिक्का आरशात दिसावा तसा उलटा उमटलाय. तिसऱ्याला तर एक सबंध काळा डाग.

"मर्फीचा नियम!" (जे बिघडू शकतं ते बिघडतंच) असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवतायत त्यांनी कृपा करून थांबावं. सहा अपडेट झाले, हा विनोद मी एकूण अकरा वेळा ऐकलाय. त्या नियमाकडे येतेच खाली, पण वेगळ्या कारणाने.

हळहळ अशासाठी की मर्फी, आयडाहो हे माझं सगळ्यात लाडकं गाव. ओवायही काउंटीचं मुख्य ठिकाण, पण वस्ती शंभराच्या आसपास. कोर्टासमोर एकुलता एक पार्किंग मीटर आहे म्हणे, आणि तोही गंमत म्हणून लावलेला. ओवायही हे 'हवाई'चंच जुनं स्पेलिंग. हवाई बेटांवरून फरच्या शिकारीला आलेली माणसं १८१९ च्या सुमाराला त्या भागात बेपत्ता झाली, त्यांच्यावरून हे नाव पडलं. म्हणजे एका शिक्क्यात आयर्लंडचं आडनाव आणि काउंटी पॅसिफिकमधल्या बेटांच्या नावाची. असा शिक्का फासला गेल्यावर माणसाने करायचं काय?

बाकीची जमा बाजू पटकन सांगते. मर्फीज, कॅलिफोर्निया: उत्तम, पान ४ वर चढलंसुद्धा. वेक्सफर्डहून निघालेल्या मार्टिन मर्फीच्या कुटुंबाची टोळी १८४४ मध्ये गाड्यांसकट सिएरा नेवाडा ओलांडून आली, आणि त्याच्या जॉन आणि डॅनियल या मुलांनी १८४८ मध्ये सोन्याच्या नादात हा तळ टाकला. नावात 'मर्फींचं' असा अर्थ आहे, पण अपॉस्ट्रॉफी नाही. अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ १८९० मध्ये स्थापन झालं तेव्हापासून त्यांना त्या चिन्हाचं वावडं आहे. मर्फीजबोरो, इलिनॉय: बरा. तीन कमिशनरांच्या नावांतून चिठ्ठी काढून ठेवलेलं नाव, आणि १८ मार्च १९२५ च्या चक्रीवादळात या एका गावात २३४ माणसं गेली. त्या पानावर मी गंमतजंमत काही लिहिलेली नाही. मर्फी, नॉर्थ कॅरोलायना: शिक्का छान, वाद चालू. ज्या आर्चिबाल्ड मर्फीवरून हे नाव आलं तो स्पेलिंगमध्ये एक जादा 'ई' लावायचा आणि गावाने तो गाळला. पुण्याचे काका म्हणतात, मग हे तुझ्या नियमात बसत नाही. मी म्हणते, मूळ आयरिश 'ओ मुर्खाधा'चं इंग्रजांनी मर्फी केलं ते चालतं, आणि एका 'ई'वरून तुम्ही मला अडवणार? राहील ते पान ५ वर.

आता शाई.

पहिल्या तिन्ही गावांची कव्हरं माझ्या जुन्या गठ्ठ्यातली होती. तो गठ्ठा संपला म्हणून या वेळी नवीन घेतली: जाड, पांढरीशुभ्र, 'आम्लमुक्त, आर्काइव्हल' वगैरे. दुकानाचं नाव घेत नाही, पण किंमत ऐकून बाबा म्हणाले होते, एवढ्यात साडी आली असती. हाताला इतकी गुळगुळीत लागली की मीच खूश झाले. चूक तिथेच होती. कागदावर लेप होता. तिकिटांचा अल्बम करायला तो कागद झकास असेल, पण शाई आत शिरणार कुठून? वरच बसून राहिली, कव्हरं एकमेकांवर घासली गेली आणि ठाण्याला पोचेपर्यंत कारभार उरकला. आयडाहोच्या त्या भल्या माणसाचा काडीचाही दोष नाही. उलट तिन्ही कव्हरं वेगळ्या पाकिटात घालून पाठवली, मी चिठ्ठीत विनवलं होतं तशी. (हो, म्हणजे ती 'प्रवास न केलेली' आहेत. मला चालतं. सॉर्टिंग मशीनच्या बारकोडच्या रेघा खालून ओढून घेतलेलं कव्हर कोणाला खानदानी वाटत असेल तर त्यांनी खुशाल जमवावं.)

पण नुसता संशय पुरेसा नाही, म्हणून चाचणी घेतली. सहा कागद, एक गोल रबरी शिक्का, घरातलं स्टँपपॅड. दर अर्ध्या तासाने अंगठा फिरवायचा. सहाही कागद अर्ध्या तासात खडखडीत कोरडे, तो महागडासुद्धा! म्हणजे कागदाचा दोष नाही? दोन दिवस डोकं धरून बसले. वाटेतल्या दमटपणापासून विमानातल्या हवेच्या दाबापर्यंत सगळ्यांवर आळ घेऊन झाला. शेवटी काकांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पॅड कुठलं वापरलंस?" ऑफिसचं. "अगं, ती पाण्याची शाई. पोस्टाच्या हातशिक्क्याची बऱ्याचदा तेलकट असते. तेलाला वाळायचं माहीत नसतं, त्याला मुरायला जागा लागते."

मग तेलकट शाई आणली. दुकानदाराने तीनदा विचारलं, नक्की हीच हवी ना? पुन्हा तेच सहा कागद, पण या वेळी प्रत्येकावर वजन म्हणून शब्दकोश ठेवला. लेपाचा कागद छत्तीस तासांनीही ओला, अंगठा काळा. खाकी कागद वाळला, पण त्यावर काळा शिक्का दिसतो कुठे? पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद देखणा, मी त्याच्या प्रेमात आहे, पण शाई धाग्याधाग्याने फुटते आणि अक्षरांना मिशा येतात. साधा झेरॉक्सचा कागद चार तासांत ठीक, पण फार पातळ, पलीकडून दिसतं. उरलेले दोन मध्यम. म्हणजे गुन्हेगार सापडला, पण उपाय नाही.

आणि इथे आत्या आली.

आत्या डोंबिवलीला असते. तिला या सगळ्यातलं ओ की ठो कळत नाही, माझ्या मर्फी-मर्फीने कंटाळून ती म्हणाली, "एवढं काय ते मर्फी? आपल्याकडे होता की. बाबांनी ठाण्यातच घेतला, कारखाना इथेच होता ना. त्याचं लायसन्सचं पुस्तक माझ्या ट्रंकेत पडलंय, हवं तर घेऊन जा."

मंडळी, मी त्याच संध्याकाळी लोकल पकडली.

नव्या पिढीतल्यांसाठी: मर्फी हा रेडिओचा ब्रँड होता, आणि एके काळी घरात रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं, आणि ते पोस्टातून मिळायचं. दर वर्षी पोस्टात जाऊन फी भरायची. पुस्तकात फीचं तिकीट चिकटायचं आणि त्यावर पोस्टाचा तारखेचा शिक्का बसायचा. ऐंशीच्या दशकात हा प्रकार बंद झाला. आत्याने जे पुस्तक काढून दिलं ते तळहाताएवढं, कोपरे कुरतडलेले, वर आजोबांच्या निळ्या अक्षरात 'मर्फी'. आत ओळीने तिकिटं आणि प्रत्येकावर ठाण्याचा शिक्का. मधलं १९७३ गायब. मी विचारलं तर आत्या म्हणाली, "त्या वर्षी खरखरच फार करायचा. बाबा म्हणाले, वाजत नाही तर सरकारला पैसे कशाला द्यायचे?"

शिक्के इतके स्वच्छ, की भिंगाखाली वेळेचा आकडासुद्धा वाचता येतो. पन्नासहून जास्त वर्षं, एकावर एक मिटलेली पानं, आणि उलटा डाग एकही नाही! रात्री लोकलमध्ये मी त्या पानावरून नुसता अंगठा फिरवत बसले होते. खरखरीत, किंचित पिवळट, घट्ट कागद. आणि मग डोक्यात उजेड पडला. हा तर हिशेबाच्या वह्यांचा कागद! लेजर पेपर! दौतीच्या शाईने लिहायला, वर्षानुवर्षं मिटून ठेवायला केलेला. अजून मिळतो, स्वस्तात मिळतो आणि आम्लमुक्त असल्याचा टेंभा मिरवत नाही. (असला तर बरंच. लिटमसचं पेन मागवलंय, कळवते.)

लेजर पेपरवर तेलकट शाई, वर शब्दकोश: तीन तासांत अंगठा कोरडा. सहा तासांनी जोरात घासलं, केसभरही हललं नाही. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता कव्हरं स्वतः कापतेय. पत्र्याचा साचा, बोथट सुरीने घडी, कडेला पांढरा गोंद अगदी जपून. खळ वापरू नका, कसर लागते. दोन कव्हरांच्या मध्ये टिपकागद घालून नवीन तीन आयडाहोला रवाना. चिठ्ठीत आभार आधी, विनंती नंतर. परतीच्या परदेशी टपालासाठी गोल ग्लोबल फॉरेव्हर तिकिटं न्यू जर्सीच्या भाच्याने पाठवलीत. दर वाढले तरी ती चालतात, हे अमेरिकेच्या पोस्टाचं मला फार आवडतं.

इथपर्यंत लिहून झालं आणि काकांचा फोन आला. पुस्तक बघून ते हरखले, पण लगेच म्हणाले, "थीमॅटिकमध्ये, म्हणजे एका विषयावरच्या टपाल-तिकिटांच्या विभागात, ज्युरी भुवया उंचावतील. ही फीची तिकिटं, टपालाची नाहीत." मग? "मग ओपन विभागात जा ना. तिथे निम्मं पोस्टाचं असलं की बाकी निम्मं काहीही चालतं."

काहीही! हे मला आधी का सुचलं नाही? म्हणजे सोळा पानांचा आराखडा पुन्हा पाटीवर. मर्फी रेडिओच्या बाळाची जुनी जाहिरात येऊ शकते. १८५६ पासूनच्या कॉर्कच्या मर्फीज स्टाउटचं लेबल येऊ शकतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फीचा भिंतीत उभा मिटणारा पलंग, ज्याचं नाव इतकं घराघरात गेलं की १९८९ मध्ये कोर्टाने सांगितलं, हा आता सर्वसाधारण शब्द झाला. पित्ताशय दुखतंय का हे बरगडीखाली बोटं दाबून बघायची शिकागोच्या सर्जन जॉन मर्फीची खूण. तिचं चित्र काढून द्यायला डॉक्टर मैत्रीण तयार आहे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन वीर ऑडी मर्फी, त्याचं २००० सालचं अमेरिकन तिकीट आहेच, ते कोपऱ्यात बसेल.

कोणीतरी विचारेलच: रेडिओवाला फ्रँक मर्फी तर इंग्रज, १९२९ मध्ये वेल्विन गार्डन सिटीत कंपनी काढणारा, तो कसा चालतो? आडनाव चालतं. पासपोर्ट बघत नाही मी.

आता तो नियम. इंजिनियर एडवर्ड मर्फी, १९४९, हवाई दलाचे डॉक्टर स्टॅप यांच्या रॉकेटच्या घसरगाडीवरच्या चाचण्या, आणि शरीरावर येणारा जोर मोजायची यंत्रं उलटी जोडलेली; त्यातून तो नियम निघाला. सगळे एडवर्ड्स हवाई तळ म्हणतात, मीही पान ९ साठी एडवर्ड्सचाच शिक्का शोधत होते. पण तळाला ते नाव मिळालं डिसेंबर १९४९ मध्ये. चाचण्या झाल्या तेव्हा तो म्युरॉक होता! आणि म्युरॉक म्हणजे काय? तिथे वसलेल्या कोरम कुटुंबाचं नाव पोस्टाला चालेना, कारण कोरॅम नावाचं पोस्ट आधीच होतं. मग त्यांनी कोरमची अक्षरं उलटी लिहून म्युरॉक केलं. उलट्या जोडलेल्या तारा, उलटं लिहिलेलं गाव. आणि माझ्याकडे एका कव्हरच्या पाठीवर उलटा छापलेला मर्फी पडलाय! ते कव्हर फाडून टाकणार होते. आता पान ९ वर म्युरॉकच्या शिक्क्याशेजारी तेच लावतेय, पाठ पुढे करून. म्युरॉकचा १९४९ चा स्वच्छ शिक्का कोणाकडे जादा असेल तर बोला; बदल्यात मर्फीज देईन.

लायसन्सचं पुस्तक शेवटच्या पानावर ठेवायचं ठरलं होतं, ते पान १ वर आणते. मग सोळावं रिकामं. तिथे रॉबर्ट कुशमन मर्फीच्या नावाचा समुद्रपक्षी, मर्फीज पेट्रेल. त्याचं वर्णन मर्फीने स्वतः केलं, तेही १९४९ मध्येच. जगातले बहुतेक सगळे पिटकेर्न बेटांपैकी ड्यूसी या निर्मनुष्य बेटावर घरटी करतात. ड्यूसीवर पोस्ट कुठून असणार. पण पिटकेर्नला आहे, १९४० पासून स्वतःची तिकिटं काढतात. शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'अल्टिमा', म्हणजे शेवटची. शेवटच्या पानाला याहून काय हवं?

पिटकेर्नला पत्र पोचायला किती महिने लागतील देव जाणे. कव्हरं मात्र तयार आहेत, लेजर पेपरची, चार. आत्याने बजावलंय की पुस्तकाला हिंज (तिकीट चिकटवायचा गोंदाचा तुकडा) लावायचा नाही, पारदर्शक कोपऱ्यांत बसवायचं आणि प्रदर्शन झालं की परत ट्रंकेत. १९७३ ची जागा तशीच रिकामी दाखवणार आहे, खाली आजोबांचं वाक्य.