राजाच्या हातातलं फावडं

इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डला खणायला आवडायचं. खणायला, छपरं शाकारायला, होडी वल्हवायला, पोहायला. संगतही तशीच: गाडीवान, नावाडी, नट, गवई. १३१५च्या शरदात स्वारी केंब्रिजकडच्या पाणथळ भागात साध्यासुध्या माणसांबरोबर होड्या वल्हवत होती. त्याच वर्षी अतिवृष्टीनं पिकं सडली आणि दुष्काळ पडला, हे मात्र त्याच्या पथ्यावर पडणारं नव्हतं.

मला हा राजा आवडतो. आपल्याकडे मंत्र्यांच्या हाती झाडू येतो तो कॅमेरा आल्यावर. याला हौस होती, बस्स. चाकरांनी हसवलं की खूश व्हायचा. टेबलावर नाचून हसवणाऱ्या एका चित्रकाराला ५० शिलिंग दिल्याची नोंद त्याच्या हिशेबात आहे.

पण प्रजेला असला राजा नको होता. १३१४मध्ये बॅनकबर्नला स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसनं त्याला धूळ चारली. तेव्हा राजाच्याच चाकरीतला एकजण बोलून गेला, की प्रार्थनेच्या वेळी जो खड्डे खणत बसतो, तो लढाया काय जिंकणार! त्याच्यावर कारवाई झाली, पण कुजबुज थोडीच थांबते?

राज्य काही फावड्यापायी गेलं नाही. ते गेलं लाडक्यांपायी. पहिला लाडका पिअर्स गॅव्हेस्टन. त्याला सरदारांनी १३१२मध्ये मारलं. त्यातून शहाणं व्हायचं, तर हा धाकट्या ह्यू डिस्पेन्सरच्या नादी लागला. डिस्पेन्सरनं वेल्समधल्या जमिनी लाटल्या आणि राजानं त्याला पाठीशी घातलं. १३२४मध्ये तर खुद्द राणी इझाबेलाच्या जहागिरी काढून घेतल्या. पुढच्या वर्षी ती बोलणी करायला माहेरी, फ्रान्सला गेली. भाऊ तिथला राजा. मागाहून मुलगाही तिकडे पोचला आणि मग बाई परत यायलाच तयार होईना. आली ती १३२६च्या सप्टेंबरात, रॉजर मॉर्टिमर हा बंडखोर सरदार आणि बेताच्याच फौजेसह. राजासाठी लढायला कुणी पुढे आलं नाही. लंडन उलटलं, राजा वेल्सकडे पळाला आणि तिथं सापडला.

जानेवारी १३२७मध्ये आरोपांची यादी निघाली. वाईट सल्लागार, हातचं गेलेलं स्कॉटलंड, चर्चचा छळ. आणि त्यातच, राजाला न शोभणारी कामं! माणूस एकदा नकोसा झाला की त्याचं उठणंबसणंही खुपतं. शिवाय जहागिरींची भानगड चारचौघांना समजावणं कठीण. खड्डे खणणारा राजा एका वाक्यात सांगून होतो.

केनिलवर्थच्या किल्ल्यात त्याला बजावलं, तू पायउतार हो, नाहीतर मुलाचाही हक्क जाईल. तो रडला आणि कबूल झाला. राजा मेल्यावर मोडायची ती अधिकाराची काठी त्याच्या कारभाऱ्यानं तो जिवंत असताना मोडली.

गादीवर बसला तिसरा एडवर्ड, वय १४. याचे छंद अगदी राजाला शोभणारे: घोडे, भाले, झुंजींचे सोहळे. फ्रान्सशी शंभर वर्षं चाललेलं युद्ध यानंच १३३७मध्ये सुरू केलं. त्याबद्दल त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.