३० पैकी २९
गृहस्थ ५८ वर्षांचे, हिशेबतपासनीस. फाइलमध्ये आधीच्या ठिकाणचा एमएमएसईचा, म्हणजे स्मरण, लक्ष, स्थळकाळाचं भान तपासणाऱ्या ३० गुणांच्या छोट्या चाचणीचा, कागद होता: 'एमएमएसई २९/३०, स्मरणशक्ती उत्तम. कौटुंबिक कलह, समुपदेशन करावे.' झालं, बायकोची तक्रार निकालात.

बाई सांगत होत्या ते वेगळंच. सख्ख्या मेहुण्याच्या अंत्यविधीत हे मोठ्याने हसले. अनोळखी माणसाला जामीन राहिले. पूर्वी गोड न खाणारा माणूस साखरेचा डबा घेऊन बसतो.

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं घेतलं. शंभरातून सात वजा करायला सांगितलं, तर ९३, ८६, ७९, ७२, ६५ धडाधड. तारीख, वार अचूक. लक्षात ठेवायला दिलेले तिन्ही शब्द आठवले. होणारच, १९७५ पासूनच्या या चाचणीत १० गुण नुसते स्थळकाळाचे आहेत. माणूस स्वतःला आवरू शकतो का, दुसऱ्याचं दुःख त्याला कळतं का, हे ती विचारतच नाही.

मग म्हटलं, मिनिटभरात 'क'वरून सुचतील तेवढे शब्द सांगा, नावं सोडून. कागद, कपाट, कमळ, पुन्हा कागद. पुढे टेबलावरच्या वस्तूच वाचायला लागले: पेन, घड्याळ. टेबलावर हाताची मूठ, मग कड, मग तळवा टेकवायचा हा मेंदूशास्त्रज्ञ लुरियांचा क्रम माझ्याबरोबर जमला, एकट्याने करताना नुसती मूठच आपटत राहिली. शेवटी, मी एकदा टकटक केलं तर तुम्ही एकदा करा, दोनदा केलं तर काहीच करू नका. नियम त्यांनी मला शब्दशः म्हणून दाखवला. मी दोनदा वाजवलं, हात वाजवून मोकळा. "चुकलं ना?" विचारलं तर शांतपणे "हो." पुन्हा तेच. नियम माहीत आहे आणि हात ऐकत नाही, हे समोर बघताना पोटात कालवतं.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग झिजून माणसाचं वागणं बदलणाऱ्या आजाराची, शक्यता लिहून एमआरआयसाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. घरच्या माणसाचं म्हणणं नीट ऐकून घेणं हाही तपासणीचाच भाग आहे. तेवढी दहा मिनिटं कुणी दिली असती तर बाईंना इतके दिवस 'जमवून घ्या' ऐकावं लागलं नसतं.

"म्हणजे हे मुद्दाम करत नव्हते?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, तो २९ गुणांचा कागद फाडून टाकू का. म्हटलं, ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला लागेल. पण तोच कागद दाखवून उद्या कुणी त्यांची आणखी एक सही घेईल, ही धास्ती मनातून जात नाही. आर्थिक व्यवहार समजून निर्णय घेण्याच्या क्षमतेची वेगळी तपासणी पुढच्या भेटीत करायची आहे. तोवर चेकबुक बाईंकडे ठेवायला सांगितलंय.